सात नंबरची मुलगी

मला ना, पहिल्यांदा खटकलं ते हे, की सात नंबरची मुलगी अजून जागेवरून उठलीही नव्हती आणि सरांनी तिला दहापैकी दोन मार्क देऊनही टाकले होते. वणीतल्या एका शाळेत कबड्डीच्या सामन्यांसाठी चिअरलीडिंगची टीम निवडायची होती. मी कॉलेजात नाचायचे, म्हणून मला बाहेरून परीक्षक म्हणून बोलावलं होतं. कोणाचा वशिला नको म्हणून मुलींना नावाऐवजी नंबर दिलेले. दुसरे परीक्षक खेळाचे सर, आमची ओळख त्याच सकाळची.

सात नंबर उठली आणि अशी नाचली, की बाकीच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मी नऊ दिले.

"सर, दोनच काहून?" मी भीत भीत विचारलं.

"तिले घरून परवानगी नाही भेटत, मॅडम. कायले उगाच घ्याची?"

"विचारून तर पाहू." मी फोन काढला. मुलीला म्हटलं, "घरचा फोन नंबर सांग, बेटा."

तिने एकदा सरांकडे पाहिलं आणि सांगितला. मी फोन लावला, तर रिंग सरांच्याच खिशात वाजली. मी इतकी दचकले, की हातातला पेन पडला. मुली हसायला लागल्या, रिंग वाजतच राहिली. शेवटी सरांनी माझ्या शेजारी बसूनच फोन कानाला लावला.

"हां मॅडम, तिचा बाप बोलून राह्यलो. लोकं म्हणतीन, सरानं आपलीच पोरगी घेतली, म्हणून दोन देल्ले. परवानगी आहे. मार्क तेवढे तुमचेच धरा."