तिसऱ्या मजल्यावरची बैठक

लिफ्टच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई वॉचमनशी बोलत होत्या.

"दादा, दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठल्या मजल्यावर असते?"

"तिसऱ्या मजल्यावर भरायची, ताई. आता बंद झाली."

"बंद कशी? आमचे हे दर शनिवारी येतात की!"

"ते गवंडी ना? येतात खरे. माझ्याकडून खोलीची चावी आणि दोन चहा घेऊन एकटेच वर जातात. मला वाटलं, काही काम काढलंय."

"काम कसलं? शिंपीकाकांशी बोलून येतात. काकांनी हातावर हात ठेवला की प्यावंसंच वाटत नाही म्हणतात."

"शिंपीकाका? डाव्या हाताला दोनच बोटं होती, ते?"

"तेच. ओळखता तुम्ही?"

"ताई, बैठक तेच चालवायचे. ते वारले म्हणून तर बंद पडली. मी स्वतः खांदा दिलाय त्यांना."

लिफ्ट आली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"दादा, एक करा. यांना यातलं अक्षरही बोलू नका."

"अहो, पण ताई..."

"वर्ष झालं, घरात बाटली आलेली नाही. चावी मागितली की देत जा. आणि चहा दोनच द्या."