घरी इचारून कळवतो

आमी मूळचे बोरी बुद्रुकचेच, कुठून आलेलो न्हाई, आजोबांच्या आजोबांचं शेत पण इथंच आन आमचं पण इथंच. कुकडीच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, खायला-प्यायला कमी न्हाई. घर तर तुमी बघतायच. खाली चार खोल्या, म्होरं पडवी, आन वरचा मजला वडलांनी माझ्या लग्नासाठी काढला, म्हणले सून येईल तिला सोताची जागा पायजे. टाईल्स तिच्यासाठी, गिझर तिच्यासाठी, खिडकीला जाळी तिच्यासाठी. सगळं बसवून झालं आन सूनच मिळंना. काय सांगू तुमाला, भाऊ, घर तयार आन घरात ऱ्हाणारं माणूस न्हाई.

मी आयटीआय केलेला, फिटर. चाकणला कंपनीत व्हतो पण कॉन्ट्रॅक्टवर, परमनंट न्हाई. आमच्या मामाला स्थळं बघायची लई हौस, त्यानं मला कुठं कुठं न्हाई फिरवलं, ओतूरला नेलं, आळ्याला नेलं, पार शिरूरपातूर नेलं. पोहे खायचे, चहा प्यायचा, मग पोरीच्या बापानं इचारायचं, पुण्यात फ्लॅट हाये का? न्हाई. नोकरी कायमची हाये का? न्हाई. शेतात किती हाये? हे सांगताना आमचे वडील जरा ताठ बसायचे, पण ते ऐकायला तवर समोरचा माणूस जाग्यावर नसायचाच, त्याचं मन उठून गेलेलं असायचं. शेवटी म्हणायचे, बरं, घरी इचारून कळवतो. आता कळवतो म्हंजे न्हाई, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पण कळतं. पण गंमत बघा, ज्याला हो म्हणायचं असतं त्यो पण कळवतोच म्हणतो. लगीच हो म्हणलं की माणूस हपापलेला दिसतो, पोरगी जड झाली का काय म्हणतील, म्हणून दोन दिस जाऊ द्यायचे, मोठ्या माणसांना इचारायचं. ही रीतच हाये आपली. मग काय, हो वाला पण कळवतो, न्हाई वाला पण कळवतो, आन आमी फोनकडं बघत बसायचं.

तवा कुणीतरी सांगितलं का जर्मनीत फिटर पायजेत. मी भाषा शिकलो, राव, मी! दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेला माणूस, चाकणच्या रूमवर बसून जर्मन घोकायचो, बाकीची पोरं हसायची. दोन वरसाचा व्हिसा मिळाला. माझा इथला आयटीआयचा दाखला त्यांनी अर्धाच धरला, म्हणले आधी काम करून दाखवा, मग म्होरचं बघू. आन जर्मनीचं नाव निघालं तसं काय झालं माहितीये, लोणीचं स्थळ आलं. चालून आलं. पोरगी बीएस्सी झालेली, प्राजक्ता नाव. तिच्या वडलांनी ना शेत इचारलं, ना फ्लॅट इचारला, चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणले, आमची पसंती हाये. तिचा हात कधी शेणात जाणार न्हाई ना, एवढंच इचारलं. मी त्यांना म्हणलं, मामा, तिथं शेणच न्हाई. सगळी हसली. त्या दिवशी लई हसलो आमी.

लग्न झालं, म्हैना झाला, मी गेलो. बोलणं असं ठरलं व्हतं का मी म्होरं जायचं, घर बघायचं, आन तिनं भाषेची परीक्षा देऊन मागून यायचं. तिनं तिचं काम केलं बघा. ऑनलाइन क्लास लावला, आमच्या त्या वरच्या मजल्यावर दार लावून बसायची, आई म्हणायची, सून एकटीच कुणाशी भांडती गं. पहिल्या झटक्यात पास. माझं काम तेवढं ऱ्हायलं.

मला कंपनीनं होस्टेलात टाकलं व्हतं. एका खोलीत चौघं, बाईमाणसाला आत यायला बंदी. आन बायको आणायची तर तिथल्या व्हिसाच्या हापिसात भाड्याच्या घराचा करार दाखवायचा, माझ्या नावचा, दोघांना पुरंल एवढी जागा असल्याचा. मला वाटलं, त्यात काय, गाव एवढं मोठं, पगार येळंवर, एक घर मिळायला काय जातंय. भाऊ, तिथं घर बघायचं म्हंजे जिन्यावर लायनीत उभं ऱ्हायचं. वरच्या मजल्यावरच्या दारापासनं खाली रस्त्यापातूर माणसं, परत्येकाच्या हातात फाईल. आत गेलं का घर आपण बघायचं नसतंच, घरमालकच आपल्याला बघतो. पगार किती, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी हाये का, आन मग व्हिसाचं कार्ड. कार्ड उलटं करायचा, तारीख बघायचा आन तोंड बदलायचं. म्हणायचा, हे तर मुदतीचं हाये. मी म्हणायचो, वाढवून मिळतं. त्यो म्हणायचा, वाढवून मिळालं का मग या. आन घर असल्याबिगर बायको न्हाई, बायको न्हाई तर मी ऱ्हाऊ कशाला आन वाढवू कशाला, हे त्याला मी कोणत्या भाषेत सांगू.

एकानं इचारलं, किती माणसं ऱ्हाणार? मी आपला सांगायला लागलो, आमी दोघं, आन येणारं-जाणारं असतंच की, पावणं-रावळं, आमच्या घरात माणूस न्हाई असा दिवस न्हाई. मी मोठेपणानं सांगतोय आन त्यो माझ्या कागदावर रेघ मारतोय. दुसरी एक बाई म्हणली, तुमी लोक मसाल्याचं शिजवता, भिंतीला वास धरतो. तिला मी म्हणलं, न्हाई शिजवणार. म्हणलं मी असं! बायकोला तिच्या घरात फोडणी देऊ देणार न्हाई असं कबूल करून आलो. तरी दिलं न्हाईच. ते आठवलं का अजून माझं रगात तापतं.

वरीस सरलं तसं. रोज प्राजक्ता इचारायची, आज गेला व्हतास का? गेलो व्हतो. काय म्हणले? कळवतील. मग ती फोन ठेवायची. तिलाबी माहिती, कळवतील म्हंजे काय.

आन मग एक घर मिळालं. मिळालं म्हणतो मी, कारण मिळालंच व्हतं ते. कामावरच्या एका पोलंडच्या माणसानं सांगितलं, एक म्हातारी हाये, तिच्या घराचा वरचा भाग रिकामा हाये, पेपरात जाहिरात देत न्हाई, माणूस बघून देती. गेलो. चपला दाराशी काढल्या, तशी म्हातारी खूश. दोन खोल्या, लहानसं किचन, मागं सफरचंदाचं झाड. कॉफी घेणार का म्हणली, मी म्हणलं, नको नको. आपण पहिल्यांदा नकोच म्हणतो का न्हाई? मग समोरचा आग्रह करतो, मग आपण घेतो. तिनं काय केलं, किटली परत आत नेऊन ठेवली. तिथंच मला कळायला पायजे व्हतं, राव. कळलं न्हाई.

व्हिसाचं कार्ड दाखवलं तर तिनं चष्मा पण लावला न्हाई. म्हणली, माझा नवरा पण असाच दुसऱ्या देशातून आला व्हता. मग माझ्याकडं बघून म्हणली, घर आवडलं का? मी म्हणलं, लई आवडलं. म्हणली, मग पायजे का तुला?

आता तुमी सांगा, आपला माणूस काय म्हणल. मनात हो कवाच झालं व्हतं. पण थोरलं माणूस समोर हाये, वरीसभर दारं झिजवलीत हे तोंडावर दिसू द्यायचं न्हाई, हपापल्यासारखं करायचं न्हाई, मोठ्यांना इचारल्याबिगर घराची गोष्ट तोडायची न्हाई. माझ्या तोंडातून आपोआप गेलं, घरी इचारून कळवतो. जर्मनमधून म्हणलो, पण म्हणलो तेच. ती म्हणली, बरं. हात मिळवला. मी तसाच हवेत तरंगत होस्टेलावर आलो.

फोन लावला. प्राजक्ता रडायलाच लागली. वडलांनी इचारलं, दार कोणत्या दिशेला हाये, मी म्हणलं पूर्वेला, मला काय ठावं, मी सूर्य कुठं बघितला व्हता. आई म्हणली, हो म्हण, लगीच हो म्हण. झोप कसली येतीय. सकाळी काम सुरू व्हायच्या आत म्हातारीकडं गेलो, वाटंत फुलं घेतली. ती दारात आली, फुलं बघितली आन तिला कळंनाच. म्हणली, मी तर काल संध्याकाळी दुसऱ्या जोडप्याला हो म्हणलं, तुला नको व्हतं ना?

मला नको व्हतं ना. काय सांगणार तिला? बाई, आमच्यात हो असंच म्हणत्यात, एवढं सांगायला माझ्याकडं शब्द नव्हते. आन ती काय वाईट न्हवती, हे जास्त झोंबतं बघा. वाईट असती तर शिव्या तरी दिल्या असत्या. डोळ्यात पाणी आलं तिच्या पण, पण करार झाला व्हता. फुलं तिलाच देऊन आलो.

आन इकडं काय? इकडं तवर दुपार झालेली. आईनं पेढे वाटलेले. भावकीत सगळीकडं, सून चालली, सून चालली. लोणीहून तिचे आई-वडील मोठी बॅग घेऊन आलेले, बायकांनी तिची ओटी भरायला घेतलेली, आन त्याच्यात तिला माझा फोन. ओटी भरून घेतली तिनं. सगळ्या बायका गेल्यावर माझ्या आईला सांगितलं, घर गेलं म्हणून.

त्याच्यानंतर गावात तिला जगू दिलं न्हाई कुणी. वाईट बोलायचं न्हाई कुणी, नुसतं इचारायचं. डेअरीवर गेली, कधी निघायचं? देवळात गेली, व्हिसा आला का? हळदीकुंकवाला गेली, अगं तू हायेस का अजून? अजून, ह्या एका शब्दानं लई खाल्लं तिला. मी तिथं लायनीत उभा, ती इथं. घर मग मिळालंच न्हाई. माझा व्हिसा वाढला, पण एकाच वरसानं, परत मुदतीचाच, आन मालक लोक परत कार्ड उलटं करायला मोकळे. शेवटी ती म्हणली, मी पुण्याला जाते. तिनं भाषेच्या म्होरच्या पण परीक्षा दिल्या व्हत्या. जर्मन गिऱ्हाइकांचे फोन घेती ती आता, एका कंपनीत. माझ्यापेक्षा चांगली बोलती. ऱ्हाती पोरींच्या पीजीत.

म्हणजे बघा कसं झालंय. बोरीत घर हाये, तिथं ती येत न्हाई. जर्मनीत मी हाये, तिथं घर न्हाई. आता सुट्टीला आलोय तर तिला म्हणलं, आपण पुण्यात घेऊ भाड्यानं, मी येईन तवा तरी दार असल आपल्याला. गेलो बघायला. कोथरूडच्या एक घरमालकीण काकू, लई गोड बोलायच्या, चहा दिला, म्हणल्या, जर्मनीला असता? अरे वा. मग इथं कोण राहणार? मी म्हणलं, ही. एकट्याच? न्हाई, मी येऊन-जाऊन. तशा हसल्या, म्हणल्या, तसं काही नाही हो, तुम्ही चांगल्या घरातले दिसता, पण एकट्या बाईला आमच्या सोसायटीत देत नाहीत. प्राजक्ता माझ्या शेजारी बसलेली, मंगळसूत्र घालून. एकटी म्हणं.

घरी येऊन मी तणतणलो. वडील जेवता जेवता म्हणले, ती काकू तरी काय करंल, उद्या काय कमी-जास्त झालं म्हंजे कोण निस्तरणार, आपल्याकडं न्हाई का ती दवाखान्यातली नर्सबाई वरची खोली मागायला आली व्हती, मी पण न्हाईच म्हणलं. आन भाकरी मोडून खायला लागले. मी ताट सारलं आन उठलो.

तुमी म्हणताल, सोडून ये की मग. येऊन काय करू? चाकणला परत कॉन्ट्रॅक्टवर? सासऱ्यांनी पोरगी मला दिलेली न्हाई, जर्मनीला दिलेली हाये. आन आता तिची पण नोकरी हाये, तिला कोणत्या तोंडानं सांगू का सोड आन बोरीला चल, कधी निघायचं ते ऐकायला. परवा माझं परतीचं इमान हाये. चालायचंच. तुमच्या बायका-पोरांना देव एका छपराखाली ठेवो, दुसरं काय म्हणू.

काल तिला भेटायला पीजीवर गेलो व्हतो. कामावरून ती आली, आमी फाटकाशी उभं ऱ्हाऊन बोलत व्हतो, काय बोलणार, इमान किती वाजता, जेवलास का. तिला बॅग जड झालेली, म्हणून मी उचलून फाटकाच्या आत पाय टाकला, तर वॉचमन आला. म्हणला, साहेब, जेन्ट्सला अलाव नाही. मी म्हणलं, नवरा हाये मी तिचा. त्यो म्हणला, इथं येणारे सगळेच नवरे असतात. मी मोबाईल काढला, भाऊ, लग्नातला फोटो शोधला, फेटा बांधलेला मी आन शालू नेसलेली ती, त्याला दाखवला. माझी बायको माझीच हाये म्हणून वॉचमनला पुरावा दाखवला मी. त्यानं नीट मोठा करून बघितला, म्हणला, छान आहे फोटो. आन फाटकाच्या भायेर बोट केलं.

मग उभा ऱ्हायलो भायेर.