किल्ली मलाच का?

...नाही, पण मला सांगा, किल्ली मलाच का? दारू सोडायला गेलो होतो हो मी, वॉचमनची नोकरी मागायला नव्हतो गेलो! व्यसन सोडणाऱ्यांच्या गटात आत्ता कुठे रुळत होतो, तोच बाईंनी... बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, झोपेच्या गोळ्यांतून सुटलेल्या, पण आवाज अजून शाळेच्या मैदानावरचा... माझ्या तळहातावर किल्ली ठेवली. "शनिवारी दुपारी खोली तुम्ही उघडायची." म्हटलं, "बाई, मी? अहो, बायको मला साधं दूध आणायला पाठवत नाही!" "म्हणूनच." झालं! म्हणूनच म्हणे!

आणि ते कुलूप, तुम्हाला सांगतो, कुलूप कसलं, माझे सासरे! सरळ बोललात तर ढिम्म. आधी दार जरा उचलायचं, मग खांदा लावायचा, मग किल्ली अर्धी बाहेर ओढून गोंजारत गोंजारत फिरवायची! मग आत जाऊन खुर्च्या मांडायच्या, गोल. त्यातली एक रिकामी ठेवायची. आमच्यात एक ड्रायव्हर होता. एका शनिवारी आला नाही. सगळ्यांना वाटलं, येईल उशिरा. कोणी फोन केला नाही... असो. खुर्ची मांडायची.

तर एका शनिवारी ऑफिसात बढती जाहीर झाली. माझी बढती, आणि मिळाली कोणाला? माझ्याच हाताखाली शिकलेल्याला! वर तोच माझ्या पाठीवर थाप मारतो, "चला काका, पार्टी माझ्याकडून!" काका! आणि पाय, तुम्हाला सांगतो, माझे पाय माझ्याआधी बारमध्ये! टेबल, फुटाणे, समोर ग्लास, ग्लासवर ते गार गार थेंब... हात पुढे केला आणि खिशात फोन कोकलला. गटातला प्लंबर. "दादा, ऊन फार आहे हो."

"मग?"

"मग काही नाही. खोली बंद आहे."

ठेवला. पुन्हा हात पुढे, तर फोनवर बाई! "आम्ही उभे आहोत." बस्स, एवढंच! अहो, शिव्या घाला, उपदेश करा, मी निगरगट्ट आहे, पचवीन! पण 'आम्ही उभे आहोत' हे कसं पचवायचं? तेवढ्यात परत प्लंबर, "दादा, बाईंचे गुडघे..." आणि मागून बाई कडाडल्या, "माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नकोस!" मला सांगा, किल्ली मलाच का? माणसाला सुखाने बिघडूसुद्धा देत नाहीत!

उठलो. ग्लास तसाच. "काका, कुठे?" "कुलूप उघडायला!" त्याला वाटलं, ह्यांना न पिताच चढली! धावत सुटलो, एका चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेऊन धावलो, पोचलो, किल्ली काढली, दुसऱ्या हातात चप्पल, आणि... टुण्णकन! गटाराच्या जाळीतून थेट आत! मी तिथेच फतकल मारली. रडायचंच काय ते बाकी होतं.

प्लंबरने शांतपणे खिशात हात घातला. किल्ली! म्हटलं, ही कुठून? बाईंनी पर्स उघडली. किल्ली! गटातल्या शिंप्याने जानव्यासारखी गळ्यात घातलेली दोरी वर ओढली. किल्ली! सगळ्यांकडे, ज्याला त्याला आपापल्या वेळी मिळालेली! मी ओरडलो, "अहो, मग उन्हात काय स्वतःला वाळत घातलं होतंत?"

बाई म्हणाल्या, "किल्ल्या भरपूर होत्या. माणूस एक कमी होता. उचला ते दार."

आता मला नवी किल्ली करून दिलीय. आणि गटात नवा गडी आलाय, हॉटेलातला आचारी. त्याच्या हातावर त्याची किल्ली ठेवली, तर तोंड वाकडं करून मलाच विचारतो, "किल्ली मलाच का?" घ्या! आणि आज शनिवार, त्याचा अजून पत्ता नाही, ऊन हे असं मरणाचं, टकलावर पापड भाजेल, दार बंद, बाई माझ्याकडे बघतायत, माझ्या खिशात नवीकोरी किल्ली, आणि काढायची सोय नाही!

थांबा हं, फोन करायची पाळी माझी आहे... "हॅलो? काही नाही रे. ऊन फार आहे."