मायाची पहिली जाहिरात

त्या रात्री माझा डोळा लागला नाही, तोही दुसऱ्याच्या मुलीपायी. आमच्या देवबागच्या होमस्टेत नेपाळहून आलेली माया काम करते. एका पाहुण्याने तिला विचारलं, "मासळीच्या जाहिरातीत काम करशील?" ती हरखली. मी म्हटलं, "अगो, असल्यांचो काय भरवसो? मी येतंय तुझ्यावांगडा."

सकाळी माझ्या लेकीला हाताला धरून मायाबरोबर मालवणच्या बंदरावर गेले. आधी त्या पाहुण्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढला, मग त्याच्यावर नजर रोखून उभी राहिले. मायाला एवढंच करायचं होतं: सुरमईचा कल्ला उचलून ती ताजी आहे का बघायचं आणि विकणारीकडे संशयाने पाहायचं. पण ही दर वेळी गोड हसायची!

"अगं, संशय दिसू दे!" तो वैतागला. "जमत नसेल तर दुसरी कुणी बघतो."

मायाचे डोळे भरले. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, पण तिचं तोंड बघवेना. आणि ह्याने दुसरी आधीच हेरून ठेवलीय की काय, हेही मनात आलंच.

तेवढ्यात माझी लेक ओरडली, "मायामावशे, आई त्या काकांका कशी बघता बघ! तशीच बघ गो!"