उणे साडेपाच

(शिरोड्याच्या किनाऱ्याकडचा मोकळा रस्ता. मासळीच्या टेम्पोत ड्रायव्हर बाबू आणि त्याची बारावीतली मुलगी गौरजा.)

बाबू : परत मारूया ब्रेक?

गौरजा : नको बाबा. कितीव मारलात तरी दोन सेकंदच येतत.

बाबू : चाळीसच्या स्पीडान हां. काट्यार बघलंस मां?

गौरजा : बघलंय. चाळीस म्हणजे सेकंदाक अकरा मीटर. दोन सेकंदात शून्य. त्वरण उणे साडेपाच.

बाबू : उणे?

गौरजा : होय, उणे.

बाबू : मगे झालां तर! उणे म्हणजे कमीच. मी पोलिसांका तांच सांगत होतंय, स्पीड कमी होतो माजो.

गौरजा : तसां न्हय ओ. उणे म्हणजे गाडी थांबत येता. आधी किती जोरात होती, तां त्यात नाय.

बाबू : माका समाजतलां असां सांग.

गौरजा : आत्ता चाळीसान गाडी अकरा मीटरात उभी रवली. अपघात झालो त्या दिवशी आरोंद्याच्या वळणार टायरांची खूण किती? पोलिसांनी टेप लावून मोजली ती?

बाबू : सत्तावीस.

गौरजा : म्हणजे ब्रेक तोच धरलो तर स्पीड बासष्ट होतो.

बाबू : बर्फ वितळत होतो गो. गोव्यासून फोनार फोन. मुद्दाम नाय मारलंय मी.

गौरजा : माका म्हायत आसा.

बाबू : तुजी स्टेला टीचर काय म्हणता?

गौरजा : पाय प्लास्टरात. आपल्या टेम्पोच्या धडकेन स्कूटरवरसून पडल्यार पुढचां कायच आठवणा नाय तेंका. उद्या पोलीस जबाब घेवक येतले. टीचर म्हणाले, गौरजा गणित करून जां सांगतली, तांच मी सांगतलंय. तिका मी शिकवलंय.

बाबू : घरातल्याच पोरीच्या गळ्यात घातल्यान. लायसन गेलां तर खावचां काय?

गौरजा : माका रडाक येता बाबा. काय करू, तुमीच सांगा.

बाबू : सत्तावीसाचे अकरा कर.

गौरजा : खूण रस्त्यार तशीच आसा. माज्यान पुसवणा नाय.

बाबू : मग ह्यां उणे तरी काडून टाक. सगळो घोळ त्याचोच. एक बारकी रेघ ती, कोण बघता?

गौरजा : उणे काडलां तर गाडी थांबणाच नाय, बाबा. आणि फुडे टीचर आसत.