मनालीचा डावा डोळा

ठाण्यात डोळ्याच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेलो. शेजारी चेंदणीचा दामाजी कोळी आणि त्याची तिशीतली लेक मनाली. तिच्या डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणून फॉर्म बापच वाचत होता.

"डाव्यानं अजून धुरकटच दिसतंय?"

"हो. पडद्याची शीर तुंबलीय म्हणाले ना. तू वाच."

"ह्याच डोळ्यांनी तू धुक्यात जाळ्याचा बोया शोधायचीस. मी वल्हं मारायचो आणि तू पुढं बसून ओरडायचीस, 'बाबा, डावीकडं घे!' काय जिताडे मिळायचे तेव्हा खाडीत!"

"आणि माशाचं डोकं आई मलाच वाढायची. बाबा, फॉर्म."

"साखर?"

"नाय."

"तंबाखू, सिगरेट?"

"तुझं नाय, माझं विचारतायत."

"गप गं. पाळी लांबवायच्या, पोर न होण्याच्या गोळ्या?"

"नाय घेत. पुढं."

"बीपी."

"आहे लिही."

"गोळ्या चालू आहेत का?"

"विसरले मध्ये, असं लिही."

"तू कुठं विसरलीस? बघायला मंडळी येणार म्हणून मीच डबी फेकलेली. तरण्या पोरीला कसला बीपी, म्हटलेलं."

"जाऊ दे ना. बीपीनंच शीर तुंबली म्हणून आत तुला ओरडतील."

"ओरडू देत. त्यांना खरं कळलं तर औषध नीट देतील. किती महिने झाले?"

"आठ."

"'आठ महिने बंद. वडिलांनी बंद केल्या.' झालं. सही कुठं करू?"

"सही पेशंटची लागते, बाबा."

"माझीपण राहू दे खाली."