कॅसेटीतली मंदा

ते टेप करायचं यंत्र आधी पिशवीत घाला, ताई. वहीत लिहा, मी थांबून थांबून सांगते. यंत्रासमोर मी आयुष्यात एकदाच तोंड उघडलं आणि तेव्हा जी गाढवकी केली तिला तोड नाय. काय केलं? लग्नाच्या गाण्यात नवरीचं नाव घातलं. आता तुम्ही बोलाल, लग्नाच्या गाण्यात नवरीचं नाव नाय घालायचं तर काय म्हशीचं घालायचं? बरोबर आहे. पण मी ते कॅसेटीत घातलं, आणि कॅसेट काय एका मांडवात बसून राहते? ती डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत दर हळदीला वाजली, नवरी कल्पना असो की वंदना असो, कर्ण्यातून हळद लागायची ती मंदाला. लोक माझ्या दारात भांडायला यायचे, की आमच्या पोरीच्या लग्नात ही मंदा कोण? काय सांगू त्यांना. मंदा माझ्या शेजारणीची, माझ्या जिवाच्या मैत्रिणीची पोर, आणि तिचं लग्न मोडलेलं.

पण हे मधूनच झालं. पहिल्यापासून सांगते.

माझं नाव हौसाबाय. आमचं गाव खाडीच्या काठाला, डोंबिवली स्टेशनातून तेव्हा चालत यायला तास लागायचा, बांधाबांधाने. बापूस मिठागरात, आई भातशेतात, आणि माझी आत्या धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायला बाई लागते. ती तांदळाच्या पिठाने चौक लिहिते, हळदीपासून सगळे विधी गाऊन करते, ते गाणं म्हणजे धवळा. पोथी नाय, कागद नाय, सगळं तोंडात. मी आत्याच्या मागे मागे फिरायची, पण ती गाण्याच्या ओढीने असं समजू नका, मला चौकशा भारी. तांदूळ पाचच मुठी का, नवरीची आई रडते ती खरी का, कलशावर नारळाऐवजी पपई ठेवली तर देवाला कळेल का. आत्या बोलायची, ही पोरगी लग्न लावायला आलीय की चौकीवर जबानी घ्यायला? चौकशा करता करता धवळे पाठ झाले, ते मला पण नाय कळलं.

लग्न होऊन मी शेजारच्या पाड्यावर आले, आणि त्याच साली दिवा गावातून गोमी सून म्हणून आली, माझ्या भिंतीला भिंत लागून. मधली भिंत कुडाची, माझ्या घरी फोडणी पडली की गोमीच्या घरी शिंक यायची. धवळा एकटीने गात नाहीत, ताई. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. मी टाकायची, गोमी झेलायची. ओळी मला कमी नाय पडायच्या. विहीण समोर येऊन बसली रे बसली की

विहीणबाय बसली पाटावर गो
डोला तिचा मटणाच्या ताटावर गो

असं मी झरझर जुळवत जायची, श्वास न घेता, मांडव नुसता हसून पडायचा, आणि विहीण पण हसायची, न हसून जाते कुठे. हल्ली माझी नात कॉलेजात जाते, ती एक कॅसेट घेऊन आली, त्यात एक माणूस चाल नाय, सूर नाय, भराभर बोलतो आणि यमक जुळवतो. बोलली, आजी, याला रॅप बोलतात, तू तर जुनी रॅपर. मी विचारलं, तो हळद पण लावतो काय? नाय बोलली. मग अर्धंच काम करतो, मी बोलले.

पण माझ्यात एक खोट होती. नावं लक्षात राहायची नाय. आणि धवळ्यात सगळी नावंच. नवरी, नवरा, आईबाप, मामा, एवढंच नाय, वारलेला आजा-पणजा पण नाव घेऊन मांडवात बोलवावा लागतो, एक विसरला तर घरातली म्हातारी रुसते. मग गोमी आदल्या दिवशी त्या घरी जायची, सगळी नावं विचारून घ्यायची, बोटांच्या पेरावर मोजून डोक्यात ठेवायची. मांडवात ती माझ्या उजव्या हाताला. मी अर्धी ओळ टाकायची, उजवा कान तिच्याकडे कलता करायचा, ती हळूच नाव सांगायची, मी ते गायची आणि मग ती सगळी ओळ झेलायची. लोकांना वाटायचं ती माझी ऐट आहे. गावच्या पोरी तशी मान वाकडी करून गायला लागल्या. मी पण त्यांना कधी सांगितलं नाय, की बायांनो, ही ऐट नाय, ही अडचण आहे.

मला दुसरी खाज धंद्याची. एका जागी बसवत नाय. एमआयडीसीतल्या कंपनीच्या दारात तांदळाच्या भाकऱ्या विकल्या, सुक्या बोंबलांचा धंदा केला तेव्हा आमच्या घरवाल्याला लोक वासावरून ओळखायला लागले, लग्नाची भांडी भाड्याने दिली, ती आली तेव्हा निम्मी दुसऱ्याच कुणाच्या नावाची. दर धंद्याला गोमी हसायची आणि दर धंद्यात हात पण लावायची. अशात, हे इंदिराबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षीचं सांगते, कल्याणच्या बाजारातला एक कॅसेटवाला शेठ आमच्या दारात. बोलला, तुम्ही हळदीची गाणी गा, मी कॅसेट काढतो, वर तुमचा फोटो. फोटो! मी त्याच घडीला मनात नथ घातली.

गोमी नाय बोलली. मांडव नाय, नवरी नाय, कोनाचे नावानं गाशील गो? मी बोलले, तू भित्री आहेस. ती बोलली, भित्री तर भित्री, पन नावा कोनाला इचारशील? मी लुगड्याचा घोळ सावरला आणि ठसक्यात बोलले, यंत्राला इचारीन. आता आठवलं की मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, म्हणजे माझ्याच.

ठाण्याला एका इमारतीत खोली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. मी तिथल्या माणसाला विचारून विचारून हैराण केलं, आवाज या फितीत कुठे बसतो, पुसला तर कुठे जातो, माझा आवाज आणि तुमचा आवाज एकाच फितीत भांडत नाय काय. झेलायला शेठने डोंबिवलीतल्या दोन कॉलेजच्या पोरी आणलेल्या. गोड गळ्याच्या, पण मी हलद बोलले की त्या हळद बोलायच्या, जशी काय माझी चूक सुधारतात. लाल दिवा लागला. मी अर्धी ओळ टाकली आणि सवयीने उजवा कान कलता केला. काही नाय. त्या बाजूला गोधडी. दिवा जळतोय, काचेपलीकडून शेठ हात हलवतोय, आणि माझ्या डोक्यात एकच घर, गोमीचं. तिच्या मंदाची सुपारी त्याच महिन्यात फुटलेली, गोमीच्या माहेरचं दिव्याचं स्थळ, पोराचं नाव सुरेश, आणि ओट्यावर बसून आम्ही त्या लग्नाची गाणी आधीच जुळवत होतो. तोंडातून निघालं ते

मंदाच्या दारी हलद दलली गो
दिव्याच्या सुरेशची वाट वलली गो

आणि मग सासरा, सासू, मामा, सगळं खानदान. मी खूश. मनात बोलले, लग्नाला हीच भेट. गोमीला विचारलं नाय. जगाला विचारत सुटलेली बाई, पण जिची पोर तिला नाय विचारलं.

कॅसेट बाजारात यायच्या आत सुरेशच्या घरचे फिरले. पोराला नोकरी लागली, ठाण्याची फ्लॅटवाली पोरगी सांगून आली, निरोप आला की आमचं काही जमत नाय. आणि वैशाखात कॅसेट वाजायला लागली. मी शेठकडे धावले, नाव बदल बोलले. तो हसला, बाई, ही काय भाकरी आहे, उलटून टाकायला? त्यात आमच्याच पाड्यावर एका घरी हळद. गोमी जात्यावर हळद दळायला बसलेली, मंदा तिच्या बाजूला, आणि मी थाटात निघालेली की मला बोलावतील चौकावर. तर घरमालक बोलला, काकी, तू बस, गुलसरबत पी, तुझी कॅसेट हाय ना. माझ्याच आवाजाने माझा पाट काढून घेतला! मी तोंड वाकडं करते न करते तोच कर्ण्यातून निघालं, मंदाच्या दारी. एक कार्टं ओरडलं, वाट वलली, पन दुसऱ्याच दारी! सगळे हसले. गोमीने जातं थांबवलं, हात धुतले, मंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालू पडली.

त्यानंतर सहा वर्षं. नळावर तिचा हंडा माझ्या हंड्यामागे, आणि तोंडातून शब्द नाय. मी भाकरी पाठवायची, ताट धुऊन परत यायचं, रिकामं. घरात उरलेल्या कॅसेटी मी फोडल्या, फिती काढून वालाच्या शेतावर बांधल्या, पाखरं उडवायला. वारा आला की आखं शेत गुणगुणायचं, आणि पाखरं नाय उडाली ती नाय उडाली. माणसं मात्र बोलवायची बंद झाली, कॅसेट आहे ना. मला लोक बोलायचे, हौसा, आता घरी शांत बस. बसले की. अशी शांतता कुणाला देऊ नये. मांडवात जे यमक चटकन सुचायचं ते भिंतीकडे बघून सुचत नाय, आणि सुचलं तरी झेलायला कोण?

मग एक दिवस मंदाच दारात. बोलली, मावशी, माझं लग्न ठरलं, टिटवाळ्याला. नवरा शाळेत मास्तर. चौक लिहायला ये. मी विचारलं, आयशीने पाठवलं? ती बोलली, नाय. पन मी येते बोलले तेव्हा अडवलं पन नाय. मी नावं विचारून घेतली. जन्मात पहिल्यांदा मी नावं पाठ केली, ताई. चुलीपुढे बसून, नवरा दत्ताराम, बापूस काशिनाथ, मामा पांडुरंग, असं घोकत घोकत. घरवाला ताटावरून ओरडला, ही भाकरी आहे की कोळसा? मी त्याला पण चुकून काशिनाथ बोलले.

हळदीला नवऱ्याकडच्या बाया आल्या. एक विचारते, हीच काय ती कॅसेटीतली मंदा? मंदा हळदीचं तोंड वर करून बोलली, हो मावशी, मंदा तीच, नवरा तेवढा नवा घेतलाय. बायका अशा हसल्या की त्या कॅसेटीतला विखार तिथेच मेला.

मी चौक लिहिला. उजव्या हाताला गोमी येऊन बसली, नवरीची आई ती, दुसरीकडे बसली असती तरी चाललं असतं. माझ्याकडे बघत नव्हती. मी अर्धी ओळ टाकली, टिटवाल्याच्या गो वाटेनं आला, आणि कान कलता केला. काही नाय. मांडव थांबला. नाव माझ्या जिभेच्या टोकावर, गायला असतं तर गाणं पुढे गेलं असतं, कुणाला काय कळलं नसतं. पण मला ती ठाण्याची गोधडी आठवली. मी तोंड मिटलं, तिच्याकडे वळले, आणि समोर माईक आहे हे विसरून बोलले, गोमी, नवऱ्याचं नाव काय गो? आखा मांडव हसला, धवलारणीला नवऱ्याचं नाव ठाऊक नाय! गोमी नाय हसली. बोलली, दत्ताराम. मी गायले. आणि तिने ओळ झेलली, सहा वर्षांनी, तशीच, पहिल्या अक्षरापासून.

आता पलीकडे खुडखुड आवाज येतोय ना, ती गोमी, वाल सोलते. संध्याकाळी मी पण जाते. आम्ही दोघी मिळून आता भाकऱ्यांचा धंदा करतो, हॉटेलवाले नेतात, अजून तरी बुडाला नाय. लग्नं कमीच, पण जिथे जातो तिथे नावं तीच विचारते. डोकं निवांत आहे. मंदाला दोन पोरी, सुखी राहोत, आणि तो सुरेश पण सुखी राहो, माझं काय जातं.

एवढंच राहिलं. त्या दिवशी सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी पडवीत हळदीचे हात धूत होतो, मी पाणी घालत होते, तेव्हा गोमी जे बोलली ते तसंच्या तसं लिहा, तुमची शुद्ध भाषा त्याला लावू नका. बोलली, नाव तुना ठावूक व्हता, हौसा. पाठ करताना तुजी भाकर करपली, त्याचा वास माज्या घरान आला. पन इचारलास, बरा केलास.